एक वाजताची नोंद

गौतमी ओव्हाळचं नाव मी हजेरीपटावर पहिल्यांदा लिहिलं तेव्हा ती सहा वर्षांची होती. आता ती पंचेचाळीस वर्षांची आहे आणि पोलीस खात्यात हवालदार आहे. मुळशी तालुक्यातल्या आमच्या गावाचं नाव मी इथे लिहीत नाही, तिच्या ठाण्याचंही नाही. त्या ठाण्यात अजून तीच माणसं कामाला आहेत, आणि त्यांच्यातलं कुणी वाईट नाही.

चौथीत मी मुलांना गावाचा नकाशा काढायला सांगत असे. बाकीची मुलं देऊळ, शाळा, विहीर काढायची आणि उरलेल्या कागदावर झाडं. गौतमीनं गावाची शीव काढून आणली. ओढा कुठे वळतो, कुठला धोंडा आमचा, कुठला पलीकडच्या गावाचा, सगळं. आजोबांबरोबर चालून पाहिलं, म्हणाली. तिचे आजोबा कोंडाजी. पिढ्यानपिढ्या त्या घराकडे गावची तराळकी होती, म्हणजे निरोप पोचवायचं आणि शीव राखायचं काम. दोन गावांत शिवेवरून वाद लागला की त्यांच्या घरातल्या माणसाला पुढे घालून शीव चालायची, आणि तो दाखवील तो धोंडा दोन्ही गावांनी मानायचा. छप्पन्न साली दीक्षा घेतल्यावर कोंडाजींनी गावकीचं काम सोडलं. खडकीच्या कारखान्यात लागले आणि पुन्हा कुणाचा निरोप घेऊन कुणाच्या दारात गेले नाहीत. धोंडे मात्र त्यांच्या डोक्यात राहिले, आणि नातीच्या डोक्यात उतरले.

गौतमी बाविसाव्या वर्षी भरती झाली. बरीच वर्षं ग्रामीण पोलिसांत काढली. मग आमच्या भागातली काही गावं ग्रामीणकडून काढून शहराच्या आयुक्तालयाला जोडली, तेव्हा तीही तिकडे वर्ग झाली. लोकांना यातला फरक कळत नाही. खाकी ती खाकी. पण ग्रामीणला वर अधीक्षक असतात आणि शहराला आयुक्त. आयुक्तांखाली उपायुक्त, त्यांच्याखाली सहायक आयुक्त, त्यांच्याखाली एकेका ठाण्याचे वरिष्ठ निरीक्षक, म्हणजे ठाण्यातल्या भाषेत मोठे साहेब. मग उपनिरीक्षक, सहायक फौजदार, हवालदार, शिपाई. या उतरंडीच्या तळाशी एक टेबल असतं. ठाण्याच्या दारातून आत गेलं की पहिलं लागतं ते. तिथे जो बसतो त्याला ठाणे अंमलदार म्हणतात. आठ आठ तासांच्या तीन पाळ्या. टेबल कधी रिकामं राहत नाही. चोरी, मारामारी, हरवलेला मोबाईल, हरवलेलं माणूस, सगळं आधी त्या टेबलावर येतं. तिथे लिहिलं गेलं तर वरची सगळी उतरंड हलते, गाड्या निघतात, बिनतारीवर वर्णन जातं. लिहिलं गेलं नाही तर वरच्या कुणाच्या दृष्टीनं काही घडलेलंच नसतं.

गौतमी तीन वर्षं त्या टेबलावर होती, बहुतेक दिवसपाळीला. अक्षर सुवाच्य, बोलणं थोडं तोडून, पण आलेल्या बाईमाणसाला आधी खुर्ची द्यायची. तिची ख्याती मात्र वेगळीच होती. शहर आणि ग्रामीण यांच्यातली नवी हद्द आमच्याकडे गावांच्या जुन्या शिवेवरूनच गेली होती, आणि ती शीव ठाण्यात एकटीला पाठ होती. नव्या रस्त्यावर अपघात झाला की गस्तीवरच्या पोरांचा फोन यायचा.

"मॅडम, मोबाईलवरच्या नकाशात काय कळंना. ह्यो पूल कुणाचा?"

"अलीकडचे दोन खांब आपले. गाडी कुठल्या खांबाला धडकलीय?"

"तिसऱ्या."

"मग त्यांना फोन कर आणि तिथंच थांब. जखमीला आधी दवाखान्यात घाल."

तिच्यानंतरच्या पाळीला अभय नावाचा तरुण अंमलदार यायचा. तो म्हणायचा, "ओव्हाळमॅडम, तुमच्या आज्जाला कमिशनर करायला पायजे व्हतं. निम्म्या बैठका वाचल्या असत्या." ती हसायची. शीव पाठ असल्याचा तिला अभिमान होता. मीही तो पाहिलेला आहे आणि मला तो आवडायचा.

हद्द नसली तरी आलेल्या माणसाची खबर लिहून घ्यायची आणि मग त्या त्या ठाण्याकडे पाठवायची, हा नियम आहे. ठाण्याच्या भिंतीवर त्याचा फलकही आहे. पण महिन्याच्या बैठकीत प्रत्येक ठाण्याचे किती तपास पडून आहेत ते विचारतात. पुढे सांगते ते घडलं त्याच्या आदल्या महिन्यात गौतमीनं हद्दीबाहेरची एक चोरी लिहून घेतली होती. मोठे साहेब सगळ्यांसमोर म्हणाले होते, "ओव्हाळ, आपलंच आपल्याला झेपंना. दुसऱ्याचं पोर कडेवर कशाला घेता?"

गेल्या वर्षी मार्चमधल्या एका मंगळवारी दुपारी एक वाजता पियूष शिनगारे त्या टेबलासमोर आला. तिशी ओलांडलेला, हिंजवडीच्या एका कंपनीत नोकरीला, मूळचा बीड जिल्ह्यातल्या केजकडचा. आमच्या गावाच्या कडेला ज्या नव्या इमारती झाल्या आहेत त्यातल्या एकीत राहणारा. घामानं भिजलेला होता.

"माझे वडील सापडत नाहीयेत. मागच्या गेटने बाहेर गेले. वॉचमनने पाहिलंय."

वडिलांचं नाव दादासाहेब. वय एकाहत्तर. एसटीत वाहतूक नियंत्रक होते. दोन वर्षांपासून विसरायला लागले होते. घरातून निघून जायची ही पहिलीच वेळ.

"मागचं गेट म्हणजे ओढ्याकडचं?" गौतमीनं विचारलं.

"हो."

"गेटच्या बाहेर पाऊल टाकलं की ग्रामीणची हद्द लागते. तुम्ही तिकडच्या ठाण्यात जा. ते लगेच गाडी काढतील."

"मॅडम, तुम्हीच लिहून घ्या ना. आम्ही राहतो तुमच्याच हद्दीत."

"तुमच्या भल्यासाठी सांगते. मी लिहून घेतलं तर कागद तिकडं जाईपर्यंत वेळ जाईल. तुम्ही गाडीवर आहात ना? निघा."

तिनं मला हे सगळं शब्दाला शब्द सांगितलं आहे. त्या क्षणी तिला स्वतःचं म्हणणं खरं वाटत होतं. साहेबांचं बोलणंही कानात होतं, हेही तिनं लपवलं नाही.

पियूष निघाला. भुकूमपासून पुढे रस्त्याचं काम चालू होतं, वाहनं तुंबली होती. तिकडच्या ठाण्यात पोचायला त्याला तास लागला, नंबर यायला आणखी अर्धा. तिथल्या अंमलदारानं विचारलं, "राहायला कुठं? मग मिसिंगची नोंद तिकडंच होणार, साहेब. त्यांना सांगा, तुमची जबाबदारी हाय म्हणून." दोन्ही टेबलं आपापल्या जागी बरोबर होती. पियूष परत फिरला.

चार वाजता पाळी बदलते. गौतमी अभयच्या ताब्यात टेबल देत होती, तेवढ्यात पियूष दारात दिसला. त्याचा चेहरा पाहिल्याबरोबर ती म्हणाली, "अभय, बाकीचं ठेव. आधी यांचं लिहून घे." अभयनं नोंद केली. वेळ टाकली, सोळा वाजून दहा मिनिटं. त्यानं टाकली ती वेळ खोटी नव्हती. त्याच्यासाठी माणूस तेव्हाच आला होता.

गौतमी घरी गेली नाही. दोन गस्तीवाले, सोसायटीतली दहा-बारा माणसं आणि गावातली काही, असे सगळे ओढ्याच्या अंगानं शोधायला लागले. आमचं शेत तिकडेच आहे, म्हणून मीही गेले होते. सहाच्या सुमाराला गावातली गंगूबाई शेरडं घेऊन परत येताना भेटली. तिला फोटो दाखवला.

"हे व्हय? हे बसलं व्हतं की खाणीपाशी. बाभळीखाली."

"कधी, गंगूबाई?"

"तीन वाजंस्तवर तर मी बगितलंय. मला म्हनलं, केजची गाडी लागली का? म्हनलं बाबा, हितं कुटली गाडी. तर म्हनलं, उशीर झालाय, नोंद करा. शानं मानूस वाटलं, बोलनं लई चांगलं. मी म्हनलं, बसा, कुनीतरी न्यायला येईल." एवढं बोलून तिनं आमच्या तोंडांकडे पाहिलं. "का? काय झालंय?"

जुनी दगडखाण बंद पडून बरीच वर्षं झाली आहेत. तिच्यात बारा महिने पाणी असतं. काठावर दादासाहेबांच्या चपला होत्या, नीट शेजारी शेजारी काढून ठेवलेल्या. ते स्वतः दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता सापडले. आठ वाजता गौतमीची पाळी सुरू झाली, आणि अकस्मात मृत्यूची नोंद तिलाच लिहावी लागली. नोंदीत ठिकाण लिहावं लागतं, हद्द लिहावी लागते. खाण आमच्या बाजूची होती. दादासाहेब मागच्या गेटनं पलीकडच्या हद्दीत गेले होते, ओढ्याच्या काठानं चालत फिरून पुन्हा अलीकडे आले होते आणि तिच्याच ठाण्याच्या हद्दीत बाभळीखाली बसून राहिले होते.

त्या रविवारी ती माझ्याकडे आली. म्हणाली, "बाई, मानूस म्हंजी शिवंवरचा धोंडा न्हाई. त्यो चालतो. एवढं मला कळाया पायजे व्हतं."

उगाच समजूत घालायची मला सवय नाही.

तिला कुणी काही विचारलं नाही. कागद स्वच्छ होता. चार दहाला खबर आली, चार पंचविसाला माणसं निघाली. उलट साहेबांनी पाळी संपल्यावरही थांबल्याबद्दल तिचं कौतुक केलं. ती सहायक फौजदाराच्या बढतीच्या यादीत होती; आदेश दिवाळीच्या आसपास निघतील असं सगळे म्हणत होते.

मे महिन्यात पियूष पुन्हा त्या टेबलासमोर आला. दीड-दोन महिन्यांत माणूस निम्मा झाला होता. गौतमीनं खुर्ची पुढे केली. तो बसला नाही.

"मॅडम, मी तक्रार करायला आलो नाहीये," तो म्हणाला. "आईच्या पेन्शनसाठी कागद लागले. त्यात मिसिंगच्या नोंदीची प्रत होती. तिच्यावर वेळ आहे चार दहा. आईने ती वाचली."

"मग?"

"मी एक वाजता आलो होतो, हे तिला खरं वाटत नाही. ती म्हणते, साडेबाराला बाप घराबाहेर गेला आणि तू चार वाजेपर्यंत कॉम्प्युटरसमोर बसून होतास. मी तिकडच्या ठाण्यात गेलो होतो म्हणून सांगतो, तर तिकडेही कागद नाही. सोसायटीतल्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग महिनाभरच राहतं. नातेवाइकांना तिने हेच सांगितलंय. माझ्याशी बोलत नाही. घरात दोघंच आहोत आम्ही, मॅडम. तुम्ही फक्त तिला एकदा सांगा. मी एक वाजता आलो होतो की नव्हतो?"

"आला होतात," गौतमी म्हणाली.

"हे तिच्यासमोर सांगाल?"

"बघते," ती म्हणाली. त्या शब्दाची तिला अजून लाज वाटते.

तिनं साहेबांना विचारलं. साहेब अनुभवी माणूस. दार लावून घेऊन म्हणाले, "ओव्हाळ, माणुसकी मलाही कळते. पण आज तुम्ही तोंडी सांगाल, उद्या तो लेखी मागेल, परवा त्याचा वकील येईल. कागदावर नाही ते झालेलं नाही. दोन वर्षांनी त्याची आई आपोआप विसरेल."

घरी तिची आई प्रभावती. ती तर स्पष्टच बोलली. मी तिथेच बसले होते. "तुझ्या पोरीचं बारावीचं वर्ष हाय. तुझी बढती तोंडावर हाय. कोन कुटला मानूस, त्याच्या आईला तू काय सांगणार? गप ऱ्हा. बाई, तुमी तरी सांगा हिला."

"मी काय सांगू, प्रभावती," मी म्हटलं. "तिला काय करायचंय ते तिला ठाऊक आहे असं दिसतंय."

"तुमीच बिगडवलंय हिला," प्रभावती म्हणाली आणि आत निघून गेली.

गौतमी माझ्याशी हळू आवाजात बोलायला लागली. "बाई, नुसतं जाऊन सांगितलं तर त्या म्हातारीला वाटंल, पोरानं पोलीस आनली सांगायला. तोंडाच्या बोलन्यावर मीच कधी इश्वास ठिवला न्हाई एवढ्या वर्सांत. पोराला कागदानं खोटं पाडलं, तर कागदानंच त्ये फिरवाया पायजे."

ठाण्यात स्टेशन डायरी नावाची एक नोंदवही असते. आता ती संगणकावर आली आहे. पाळीवरचा अंमलदार तिच्यात दिवसभरात जे जे घडतं ते वेळेनिशी लिहितो. प्रत्येक नोंदीला आकडा पडतो, आणि एकदा आकडा पडला की ती नोंद कुणालाही काढता येत नाही, मोठ्या साहेबांनाही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला, टेबलासमोर कुणी नसताना, गौतमीनं स्वतःच्या पाळीत स्वतःबद्दल नोंद घातली. मार्चमधल्या त्या तारखेला ती दिवसपाळीला ठाणे अंमलदार असताना दुपारी एक वाजता पियूष दादासाहेब शिनगारे हे वडील हरवल्याची खबर देण्यासाठी समक्ष आले होते. ठिकाण आपल्या हद्दीत नाही असं सांगून तिनं त्यांना परत पाठवलं. नोंद घेतली नाही. हद्द नसली तरी खबर लिहून घेणं हे आपलं कर्तव्य होतं आणि ते आपल्याला माहीत होतं. खाली नाव, हुद्दा, बक्कल नंबर.

पुढे काय झालं ते आधीच सांगून टाकते. तासाभरात साहेबांनी बोलावलं. ते ओरडले नाहीत. "आधी मला सांगायचं होतं," एवढंच म्हणाले. ती म्हणाली, "सांगितलं असतं तर तुम्ही लिहू दिलं नसतं, साहेब." त्यांना कसुरी अहवाल पाठवावाच लागला. सहायक आयुक्तांपुढे चौकशी झाली. तिनं खुलाशात पुन्हा तेच लिहिलं. मार्च महिना होता, कामाचा ताण होता, साहेब सगळ्यांसमोर बोलले होते, यातलं काहीही नाही. दोन वर्षांची वेतनवाढ थांबली, बढतीच्या यादीतून नाव गेलं, आणि तिला मुख्यालयात बंदोबस्ताच्या कामावर पाठवलं. आता कुठे सभा, कुठे मिरवणूक असली की ती दोरी धरून रस्त्यावर उभी असते. प्रभावती अजून माझ्याशी नीट बोलत नाही.

पण हे सगळं नंतरचं. ज्या दिवशी नोंद घातली त्या दिवशी पाळी संपल्यावर ती माझ्या दारात आली. गणवेश बदललेला नव्हता.

"बाई, सोबत येता का?"

डायरीची प्रत मागायची तर अर्ज, मंजुरी, असे दिवस जातात. म्हणून तिनं एका कोऱ्या कागदावर तोच मजकूर नोंदीच्या आकड्यासह हातानं उतरवला होता आणि खाली सही केली होती. आम्ही दोघी त्या इमारतीच्या सातव्या मजल्यावर गेलो. दार पियूषनंच उघडलं. तिला पाहून तो मागे सरकला.

आत सुलक्षणाबाई बसल्या होत्या, दादासाहेबांची पत्नी. लहान चणीच्या, पांढऱ्या केसांच्या. त्यांनी गणवेशाकडे पाहिलं आणि मग मुलाकडे. "आता पोलीस कशाला आणलास?"

"त्यांनी नाही आणलं मला," गौतमी म्हणाली. "मीच आले. मला तुम्हाला एक वाचून दाखवायचंय."

तिनं उभ्यानंच वाचलं. आवाज टेबलावरचाच होता, खाली-वर नाही. फक्त स्वतःच्या नावापाशी ती एकदा अडखळली. वाचून झाल्यावर कागद सुलक्षणाबाईंच्या पुढ्यात ठेवला. त्यांनी चष्मा लावला आणि बोट ठेवून ओळ न् ओळ पाहिली.

"एक वाजता?"

"हो."

"आणि तुम्ही परत पाठवलं."

"हो."

"ते तेव्हा जिवंत होते."

गौतमीनं उत्तर द्यायला वेळ घेतला नाही. "हो. तीन वाजेपर्यंत होते. बघणारी बाई गावातली आहे."

पियूषनं भिंतीला हात टेकला. सुलक्षणाबाईंनी चष्मा काढला. मला वाटलं आता त्या आक्रोश करतील, किंवा गौतमीला हाकलतील. त्यांनी मुलाकडे पाहिलं. असं पाहिलं, जसं कित्येक महिन्यांनी गावावरून आलेल्या माणसाकडे पाहतात.

"म्हणजे एकपासून चारपर्यंत तू उन्हात गाडीवरच होतास?"

"सांगितलं होतं, आई."

"व्हय," त्या म्हणाल्या. "सांगितलं होतंस तू." मग स्वतःशीच बोलल्यासारखं, "म्हणजे त्या दिवशी तू जेवलाच नव्हतास."

त्यावर पियूष खाली बसला आणि रडायला लागला. वडील गेल्यापासून तो रडला नव्हता, हे मला नंतर कळलं.

सुलक्षणाबाई गौतमीकडे वळल्या. त्यांचा आवाज सौम्य होता, पण त्यात कसलीही सूट नव्हती. "ताई, तुम्ही आलात ते बरं केलंत. पण मी तुम्हाला चहा विचारणार नाही. तेवढं माझ्याच्यानं होणार नाही."

"नका विचारू," गौतमी म्हणाली. तिनं टोपी उचलली, मला डोळ्यांनी खूण केली, आणि आम्ही बाहेर पडलो. दार लावून घ्यायला कुणी उठलं नाही. आम्ही लिफ्टची वाट पाहत उभ्या होतो तेव्हा आतून सुलक्षणाबाईंचा आवाज ऐकू आला.

"ऊठ. तोंड धू. मी ताट वाढते."

तेव्हा संध्याकाळचे साडेपाच वाजले होते.